रतनचं डोकं

सुनेच्या कपाळाच्या कडेला केस उगवले होते. भांगाच्या दोन्ही अंगांना, कानशिलापर्यंत, बोटाच्या पेराएवढे. तेलाचा हात फिरवला तरी न बसणारे, ताठ, एकेक सुटा. आवडाबाईच्या हातातली फणी तिथंच थांबली. दारातून येणारं सकाळचं ऊन शालूच्या डोक्यावर तिरपं पडलं होतं. आवडानं अंगठ्यानं ते केस दाबले. अंगठा उचलला, ते पुन्हा उभे. तिनं डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, मग शालूची मान खाली वाकवून टाळूवरचा भांग उकलला. तिथंही. पाच महिन्यांपूर्वी जिथून मूठमूठ केस गेले होते, जिथं डोक्याची कातडी दिसायला लागली होती, तिथं सगळीकडे खालून नवं काळं आलं होतं. बाहेर ठाण्याच्या बाजाराकडे निघालेली बैलगाडी आळीच्या वळणावर अडली होती आणि गाडीवान कुणाला तरी ओटा पुढं काढल्याबद्दल सुनावत होता. आवडाला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. 

‘काय झायलं आये? ऊ दिसली काय?’ शालू म्हणाली.

शालूनं स्वतःच हात वर नेला. बोटं कपाळाच्या कडेवर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मग ती झोळीतल्या पोराला धक्का न लावता उठली, कोनाड्यातला हातभर आरसा घेऊन दारात आली आणि उन्हात तोंड असं वळवून, तसं वळवून बघत राहिली. आणि मग हसली. गेल्या पाच महिन्यांत ती असं हसली नव्हती. भिंतीपलीकडे मालनबाई राहायची, कचेरीतल्या कारकुनाची बायको, साताऱ्याकडची. शालूनं तिला हाक मारली, ती हात पुसत आली, आणि दोघी दारात उभ्या राहून एकीच्या कपाळाकडे बघू लागल्या. मालनबाईचेही केस दोन वर्षांपासून जात होते. तिनं माक्याचा रस लावला होता, जास्वंदीची फुलं खोबरेल तेलात कढवून लावली होती, कांद्याचा रस लावला होता, आणि त्या कांद्यापायी नवरा आठ दिवस ओट्यावर झोपला होता. शेवटी मुंबईहून तेलाची बाटली मागवली. बाटलीवर बाईचं चित्र, केस घोट्यापर्यंत. मालनबाई म्हणाली, त्या तेलानं तिचेच वाढले असतील, आमच्यापर्यंत काही पोचलं नाही. मग ती आवडाकडे वळली. ‘खरं सांगा आवडाबाई, काय लावलंत हिला? तुमच्या हाताला गुण आहे.’

‘काय लावलं नाय,’ शालूच म्हणाली. ‘मी रडून रडून मागायची, तर ही तेलाशिवाय डोक्याला बोट लावून देत नव्हती. म्हणायची, येतील ते.’ आणि सासूकडे वळून, लाजून, खालच्या आवाजात, ‘मी तुमाला मनात लय बोलली आये. मना वाटायचं तुमाला बरंच वाटतंय. तुमाला कसं गो ठाव होतं?’

कसं ठाऊक होतं. आवडा चुलीपाशी गेली. आज पोराचं जावळ काढायचं होतं, नवव्या महिन्यात. न्हावी दुपारपर्यंत येणार होता, शालूचा भाऊ महिपत मामा म्हणून कल्याणहून निघाला असेल, आणि दहाच्या गाडीनं रतन यायची होती. आवडाच्या मुलाला, सहदेवला, बहीण नाही. म्हणून जावळ झेलायला पोराच्या बापाची आत्या. रतन म्हणजे आवडाच्या मेलेल्या नवऱ्याची, धाकूची, धाकटी बहीण. सहदेव रेल्वेत सांधे बदलायच्या कामावर, तो तिला स्टेशनातूनच घेऊन येणार होता. रतनच्या सासरी, डोंबिवलीला, गाडी थांबायला लागल्यापासून ठाण्याला येणं सोपं झालं होतं, तरी रतन तीन वर्षांत इकडे आली नव्हती. आज येईल. शालू तिच्या पाया पडायला वाकेल. पदर सरकेल. रतनचा हात आशीर्वादाला डोक्यावर येईल, आणि बोटांखाली ते केस.

आवडानं तांदूळ निवडायला घेतले. खडा कुठला आणि तांदूळ कुठला, हे आज डोळ्यांना कळेना.

ठाऊक नव्हतं. भीती होती. पाच महिन्यांपूर्वी शालूनं फणीतला गुंतवळ मुठीत धरून दाखवला होता, लिंबाएवढा. आणि म्हणाली होती, कायतरी लावा आये, तुमच्या गावात औषधं असतात.  काहीही लावायचं नाही, एवढंच तेव्हा आवडाला कळत होतं, आणि ते कशामुळे हे सांगायचं नव्हतं, म्हणून तोंडाला आलं ते बोलली: ‘बाळंतिणीचं जातंच. येतील ते. हात लावू नको.’ बोलून झाल्यावर तिला कळलं, की हे शब्द आपले नाहीत. सगुणाचे आहेत. सगुणा सुईण, वीस वर्षांपूर्वी मेलेली, एक डोळा गेलेली, तंबाखू खाऊन थुंकणारी. तिचे शब्द इतकी वर्षं कुठं होते? आवडा तर धरून चालली होती, की म्हातारी उगाच बडबडायची. तिला कुठं काय कळत होतं. तेवीस वर्षं ती असं धरून चालली होती. त्यावर तिचं अन्न पचत होतं, झोप लागत होती. कारण सगुणा चुकली असेल, तर रतनचे केस तसेही जाणारच होते. आवडानं काही केलं नसतं तरी जाणारच होते. तिनं फक्त त्यांना थोडं लवकर—

आणि आता शालूच्या कपाळावर ते उभे होते. हात न लावता आलेले.

असं कसं, की इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणा बाळंतिणीचं डोकं दिसलं नाही? दिसलं असेल. बायका डोक्यावर पदर घेतात, अंबाडा घालतात, तेल थापतात. उघडं डोकं आई बघते नाहीतर सासू. आणि आवडा बघतच नव्हती, हेही खरं. विहिरीवर कुणी न्हायला बसली की ती कळशी उचलून चालू लागायची. तिचं स्वतःचं म्हणावं, तर तिच्या डोक्यावरून काही कळायला जागाच नव्हती. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती दिव्याजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात आली, आणि पहिल्याच मोसमात मिठागरात टोपली उचलायला लागली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या मिठाची टोपली, बांधावरून पळत जायचं, ओतायचं, पळत यायचं. मिठाचं पाणी चुंबळीतून गळून केसांत, मानेवर, पाठीवर. तीन-चार वर्षांत टाळूवर चुंबळीएवढी जागा उघडी पडली. गावातल्या निम्म्या बायकांची तशीच. त्याला कुणी रोग म्हणत नव्हतं. पायांना भेगा पडतात तशी डोक्याला चाई पडते, मीठ आहे तिथं असं व्हायचंच. भेगांना बिब्बा. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की भेगेत दाबायचं, दात खायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मिठात उभं राहायचं. एकदा एक वैदीण सुया-पोत विकत आली, ती आवडाला म्हणाली, पोरी, चाईवरही बिब्बाच लावतात. आवडानं लावून पाहिला. जरा हुळहुळलं. चार केस आले, नाहीतर आल्यासारखे वाटले. चुंबळीखाली टाचेसारखी झालेली ती कातडी. तिला काय व्हायचं होतं.

रतनची तशी नव्हती. रतन आई नसलेली, भावाची लाडकी. धाकूनं तिला कधी मिठाच्या आगरात पाठवली नाही. वयनी टोपली उचलील, रतन घर बघेल. घर बघायला काय होतं. रतन आंघोळ करून दारात केस वाळवत बसायची. मांडीवर घ्यायची, शेपटासारखे दोन हातांत धरून पिळायची, आणि ते इतके असायचे, की पिळताना तिचे हात भरून यायचे. आवडा आगरातून यायची, पाय पांढरे, तोंड पांढरं, आणि दारात ते केस. ‘वयनी, जरा विंचरून दे गो. तुझ्या हाताला गुण हाय.’ आवडा विंचरायची. आनंदानं विंचरायची, हेही खोटं नाही. त्या केसांत हात घातला, की खरखरीत बोटांना एकेक केस अडकायचा आणि रतन आई गो म्हणायची आणि दोघी हसायच्या.

मग रतनचं लग्न झालं, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आवडाच्या हाताखाली. मुलगी झाली. चौथ्या महिन्यात केस जायला लागले.

गावाला सांगितलं ते असं. रतननं हट्ट धरला. तिला न्यायला नवरा पौषात यायचा होता आणि अशा डोक्यानं सासरी जायला ती तयार नव्हती. आवडानं तिला बिब्ब्याचं लावून दिलं, तेलात मिसळून, जपून. लावून ती अंगणात भात कांडायला गेली. मुसळाच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. आत आली तेव्हा बिब्बा उतला होता, डोकं भाजल्यासारखं सुजलं होतं.

यात एक गोष्ट खोटी आहे. दोन. नीट बघायचं तर—

रतननं हट्ट धरला, हे म्हणता येईल. ती रडत होती, कायतरी कर म्हणत होती, शालूसारखीच मुठीत गुंतवळ धरून. पण कायतरी म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नव्हतं. बिब्ब्याचं नाव आवडानं काढलं. मी लावलेला, मना गुण आला, असं म्हणाली. आला नव्हता.

जपून लावलं, हेही म्हणता येईल. तेलात मिसळलं होतं. पण बिब्ब्याचं तेल कमी पडलं असं वाटून तिनं आणखी दोन बिब्बे दिव्यावर धरले होते. इतक्या मोठ्या डोक्याला एवढ्यानं काय होणार, असं तिच्या मनात आलं होतं. मोठं डोकं नव्हतं रतनचं. केस मोठे होते.

सगुणा. लावायच्या आधी दोन दिवस सगुणा पोरीला न्हाऊ घालायला आली होती. जाताना तिनं पायरीवर आवडाला थांबवलं आणि तो एक डोळा तिच्या तोंडावर रोखून म्हणाली, तुझी नणंद केसांसाठी रडते, तिला काही लावू देऊ नको. बाळंतिणीचं जातंच. येतील ते. हात लावू नको. आवडानं मान हलवली. आत येऊन रतनला सांगितलं नाही. विसरली, असं तिनं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. दोन दिवसांत माणूस असं विसरत नाही. सांगितलं असतं, तर रतन गप्प बसली असती, पदर घेऊन सासरी गेली असती आणि पुढच्या बाळंतपणापर्यंत पुन्हा दारात बसून तेच शेपूट पिळत राहिली असती. एवढं सगळं आवडानं तेव्हा मनाशी मांडलं होतं का? नव्हतं. पण म्हातारीला काय कळतं, हे मात्र पायरीवरून उंबऱ्यात येईपर्यंत तिचं ठरलं होतं. इतक्या लवकर माणसाचं काही ठरत नाही, ते आधीपासून ठरलेलं असतं.

आणि मुसळ.

तांदळाचं सूप मांडीवरून खाली ठेवून आवडा उठली. झोळी हलवली. पोर जागं होतं, मुठी चोखत होतं. काळ्याभोर जावळाच्या बटा कपाळावर चिकटल्या होत्या. आईच्या डोक्यावरून पोराच्या डोक्यावर गेल्यासारख्या. शालू अजून आरसा घेऊन बसली होती. मालनबाई जाताना सांगून गेली होती, उद्या माझंही डोकं बघायचं हं. आता सगळी आळी येईल. आवडाबाईच्या हाताला गुण आहे म्हणून येईल, आणि आवडा प्रत्येकीला सांगेल, काही लावू नका, आणि सगळी आळी म्हणेल, बघा किती शहाणी बाई.

मुसळ असं. दुपार होती. आवडानं उखळात भात घातलं, कांडायला लागली. पहिल्या हाकेला मुसळ वर होतं. ‘वयनी, जळतंय.’ साधी हाक, मोठी नाही. मुसळ खाली आलं. जळणारच, आवडाच्या मनात आलं. जळल्याशिवाय धरत नाही. टाचेत दाबलं की आपण दात खातो, हिला दात खायला कोण शिकवणार. दुसरी हाक. ‘वयनी गो, काढ हे. धुऊन टाक.’ मुसळ पुन्हा वर गेलं. आणि तेव्हा, ते वर असताना, तिच्या मनात एक गोष्ट आली आणि गेली. तिचं नाव तिनं कधी घेतलं नाही. राग नव्हता तो. रतन लाडकी होती तिची, तिनं तिला मुलीसारखी वाढवली होती. पण दारात बसलेल्या त्या पोरीला कधी काही दुखलं नव्हतं, आणि आज दुखत होतं, आणि ते ऐकताना आवडाच्या खांद्यांतून कुठलं तरी जुनं ओझं उतरल्यासारखं झालं. इतकंच. मुसळ खाली आलं. तिनं उखळातलं भात कांडून संपवलं, पाखडलंसुद्धा, आणि मग आत गेली.

आत रतन भिंतीला धरून उभी होती. डोळे सुजून मिटले होते. आवडानं खोबरं वाटून थापलं, ताकानं धुतलं, धाकूला आगरातून बोलावलं, सगुणाला बोलावलं. सगुणा आली आणि काही बोलली नाही. दिवसरात्र बसून राहिली. फोड फुटले, ताप चढला, उतरला. महिन्यानं खपल्या पडल्या. कपाळापासून टाळूच्या मागेपर्यंत कातडी ओढल्यासारखी, चकचकीत झाली होती. त्या कातडीवर पुन्हा कधी काही उगवलं नाही.

नवरा पौषात आला नाही, फाल्गुनात आला. नेलं. त्यांच्या लोकांत नवरा मेला तरी बायकोचे केस काढत नाहीत, पण बामणांच्यात काढतात हे डोंबिवलीत सगळ्यांना ठाऊक. रतनच्या सासूनं नवरा जिवंत असताना तिचं नाव बोडकी ठेवलं. परक्या गावच्या बायका हळदीकुंकवाला तिच्यापाशी आल्या की बोट हवेत धरायच्या, लावावं की नाही, आणि कुणीतरी मागून सांगायचं, हाय तिचा नवरा, लाव. चौथ्या वर्षी त्यानं दुसरी केली. रतनला कुणी घराबाहेर काढलं नाही. ती चूल बघायची, सवतीची पोरं सांभाळायची. आपली एक मुलगी वाढवून तिनं मार्गी लावली. पदर कपाळावर ओढलेला, कानामागे खोचलेला, जेवतानाही. आणि जिथं जिथं तिला कुणी विचारलं, तिथं ती तेच सांगायची. वयनीचा काही दोष नाही. तिनं माझ्यासाठीच केलं. ती अंगणात कांडत होती, बिचारीला ऐकू आलं नाही. आवडाच्या कानावर हे दहा ठिकाणांहून आलं होतं. दर वेळी तिला वाटायचं, आपण किती चांगल्या माणसाला लाभलो. दर वेळी तिला वाटायचं, ही असं का सांगते.

सहदेव दारात ‘आत्या आयली’ म्हणाला.

रतन आत आली. बेचाळीस वर्षांची बाई, उन्हानं काळवंडलेली, हातात गाठोडं. गाठोड्यात पोरासाठी स्वतः शिवलेली लाल कुंची होती, जावळ काढल्यावर डोक्याला वारा लागू नये म्हणून. आवडाला बघून ती हसली, म्हणाली, वयनी, तू वाळलीस गो. शालू घाईघाईनं पुढं झाली आणि वाकली. पदर सरकला. रतनचा हात डोक्यावर आला.

आवडा बघत होती. हात आला, फिरला आणि कपाळाच्या कडेवर थांबला.

‘कवा आले हे?’

‘हल्लीच, आत्या. निसते झडत होते बाळंतपणापासून. आयेनं कायपण लावून दिलं नाय. आपोआप आयले.’

रतननं ते केस एका बोटानं वर केले, खाली केले, जसं आवडानं सकाळी केलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग म्हणाली, ‘शानी हाय तुझी सासू,’ आणि पायांवर पाणी घ्यायला मागच्या अंगाला गेली.

आवडा मागोमाग गेली. मागे रांजण होता, दगड होता, आणि भिंतीपलीकडे मालनबाईची तुळस. रतन दगडावर उभी राहून तांब्यानं पायांवर पाणी ओतत होती. तिच्या टाचा साफ होत्या, भेगा नव्हत्या. आवडानं सकाळपासून जे वाक्य जुळवलं होतं, ते पुष्कळ लांब होतं आणि त्याची सुरुवात ती विसरली होती. तिनं मधूनच बोलायला घेतलं.

‘सगुणानं मना सांगितलेलं. येतील म्हणून. लावायच्या आधी सांगितलेलं. मी तुला बोलली नाय.’

रतन पाय घासत राहिली. ‘मनाबी सांगितलेलं तिनं. विहिरीवर.’

‘मग?’

‘मग काय. म्हातारीवर भरवसा नव्हता. तुझ्यावर होता.’

पाणी दगडावरून वाहून भिंतीकडे गेलं. आवडाला एकदम हलकं वाटलं. रतनला ठाऊक होतं. म्हणजे आपण सांगितलं काय, नाही काय, सारखंच. तेवीस वर्षांचा दगड असा एका वाक्यात उतरतो, हे तिला खरं वाटेना, आणि पाठोपाठ त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली, की तिनं भिंतीला हात टेकला. हे उतरणं तिच्या ओळखीचं होतं. अंगणात, मुसळ वर असताना, असंच झालं होतं.

रतननं तांब्या ठेवला. पदर होता तसा पुन्हा कपाळावर ओढला. ‘मना येकच विचारायचं हाय, वयनी. इतकी वर्सं विचारलं नाय. मी सासूला सांगितलं, सवतीला सांगितलं, पोरीला सांगितलं. वयनी कांडत होती, मुसळाच्या आवाजात तिला कुठून ऐकू येईल. तसंच ना गो?’

तिच्या आवाजात शंका नव्हती. गावाकडच्या वाटेची खात्री करून घ्यावी, तसा आवाज. आवडानं फक्त हो म्हणायचं होतं. तोंडातून काढायचंही नव्हतं, मान हलवली असती तरी चाललं असतं. सगुणासमोर हलवली होती तशी. रतन आत गेली असती, जावळ झेललं असतं, गोड जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेली असती. शालूचं कपाळ तिच्या मनात राहिलं असतं, पण त्याच्याशेजारी ते मुसळही राहिलं असतं, आवाज करणारं, सगळं झाकणारं. आवडाला ते दिसलं. दिसूनही ती म्हणाली,

‘ऐकलेलं मी.’

‘कवा?’

‘पहिल्याच हाकेला. दुसरीबी ऐकली. मी हात थांबवला नाय.’

रतननं तिच्याकडे पाहिलं. रागावेल, रडेल, तोंड फिरवून निघून जाईल, यातल्या प्रत्येकासाठी आवडा सकाळपासून तयार होती. रतन यातलं काही करीना. तिचा चेहरा आधी होता तसाच राहिला, फक्त त्याच्या आतलं काहीतरी कुणी उचलून नेलं असावं तसा रिकामा झाला. ती म्हणाली, ‘मग आता मी काय सांगू लोकांना?’

 सांगून टाकलं म्हणजे आपल्या मानेवरचं उतरेल, एवढंच आवडानं पाहिलं होतं. रतनपाशी नवरा अर्धा होता, घर अर्धं होतं, डोकं गेलं होतं. एक गोष्ट पूर्ण होती, की वयनीनं ऐकलं नव्हतं. तीही आता आवडानं नेली. खरं बोलूनच नेली. हे तिला तांब्या उचलून जागेवर ठेवताना कळलं, आणि तोपर्यंत रतन आत गेली होती.

आत महिपत आला होता. मांडी घालून, भाच्याला मांडीवर घेऊन बसला होता, आणि न्हावी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवत होता. सहदेव दाराला टेकून उभा. मालनबाई आली होती. पोरानं महिपतचं मुंडासं ओढलं, सगळे हसले. न्हावी म्हणाला, आधी मामाचंच काढतो, मग भाच्याचं. जावळ आत्यानं पदरात झेलायचं असतं. पदर झेलायला धरला, की डोक्यावरून उतरतो; म्हणून आवडानं परात घासून ठेवली होती, रतनच्या पुढ्यात सरकवायला. परातीत झेललं तरी चालतं, असं ती शालूला आधीच सांगून बसली होती. तिनं परात पुढं केली.

रतननं ती हातानं बाजूला सारली. मग खोचलेला पदर तिनं कानामागून सोडवला, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, घाई न करता, आणि डोक्यावरून काढून दोन्ही हातांनी मांडीवर पसरला.

 दारातलं ऊन आता उंबऱ्यापर्यंत मागं गेलं होतं, तरी आत लख्ख दिसत होतं. कपाळापासून मागेपर्यंत ती कातडी, जागोजाग ओढलेली, आणि कडेनं मानेवर पिकलेल्या केसांची बोटभर गाठ. सहदेवनं आपल्या आत्याचं डोकं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. पोराच्या बटा एकेक करून पदरात पडू लागल्या, आणि रतन खाली बघून त्या गोळा करत राहिली. दोन बटा बाहेर पडल्या, त्या तिनं वेचून आत घेतल्या.

‘आत्या,’ शालू हळूच म्हणाली, ‘हे कशानं गो झायलं?’

न्हाव्याचा वस्तरा थांबला. रतनचं उत्तर ठरलेलं होतं, तेवीस वर्षांचं, आणि ते यायला वेळ लागत नसे.  आज तिनं मान वर केली आणि आवडाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, दयाही नव्हती. ती थांबली होती. शालूनंही तिकडे पाहिलं, मग सहदेवनं, मग मालनबाईनं.

‘मी केलं,’ आवडाबाई म्हणाली.

एवढ्यानं भागत नाही, हे सगळ्यांच्या तोंडाकडे बघून तिच्या लक्षात आलं. ती खाली बसली, आणि सुनेकडे न बघता, मुलाकडे न बघता, पुढचं सांगू लागली.